शिरीषची विचारपूस

आमच्या सेंटरमध्ये आता गरम पाण्याचा पूल आहे. तो शिरीष गुप्तेमुळे झाला असं इथले मराठी लोक म्हणतात, तेलुगू म्हणतात, पंजाबीही म्हणतात. त्यात खोटं काही नाही. पण कोणी माझ्यासमोर शिरीषचं कौतुक सुरू केलं की मी उठून चहा टाकायला जाते. निखिल, माझा नवरा, म्हणतो, "अनघा, सोड ना आता. किती वर्षं झाली!" सोडलंच आहे मी. फक्त त्या कौतुकात भाग घेत नाही.

शिरीष उंच होता. बोलताना खांदे पुढे घेऊन वाकायचा, म्हणजे समोरच्याला आपण बुटके आहोत असं न वाटता आपलं काहीतरी महत्त्वाचं चाललंय असं वाटायचं. डोकं डावीकडे कलतं. झूमच्या चौकोनातसुद्धा ते कललेलंच असायचं. आवाज मऊ, डोंबिवलीचा. "बोल तू, मी ऐकतोय," हे त्याचं वाक्य. आणि तो खरंच ऐकायचा. तुमच्या मुलांची नावं, तुमच्या सासूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, तुमचा अडकलेला पीआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याचा अर्ज, सगळं त्याच्या लक्षात. दुसऱ्यांदा भेटला की पहिल्या भेटीतलं दुखणं बरोबर तिथूनच उचलायचा. लोक विरघळायचे. मीही विरघळले होते. पुढे कधीतरी लक्षात आलं की हा माणूस दुखणंच विचारतो. तुझं प्रमोशन झालं होतं ना गं, त्याचं काय झालं, असं त्याला विचारताना मी एकदाही ऐकलं नाही.

त्याची माझी ओळख झाली दोन हजार वीसच्या हिवाळ्यात. मेलबर्न बंद होतं. घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही, दिवसातून एक तास फिरायचं, रात्री कर्फ्यू. पश्चिमेकडच्या आमच्या नव्या इस्टेटींमध्ये, म्हणजे वसाहतींमध्ये, घरं झाली होती, माणसं आली होती, आणि सगळ्यांना मिळून एक लहानसं रिक्रिएशन सेंटर. एक हॉल, दोन बॅडमिंटन कोर्ट. बास. कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, ते वाढवायचं होतं, गरम पाण्याचा पूल करायचा होता, आणि त्यासाठी काही वर्षं रेट्समध्ये, म्हणजे घरपट्टीत, जादा आकार लावायचा होता. पण आधी लोकांचा कल बघायचा. पत्रं पाठवली, कोणी उत्तर दिलं नाही. दारोदार जायची सोय नव्हती. मग कौन्सिलच्या केली नावाच्या बाईंनी वेगवेगळ्या भाषा बोलणारे व्हॉलंटियर गोळा केले: घरी बसून फोन करा, लोकांना त्यांच्या भाषेत समजावून सांगा, हो की नाही ते लिहून घ्या. आमच्या गटाचा प्रमुख शिरीष.

लोक किती चिडलेले होते ते आज सांगून पटायचं नाही. माझा पहिलाच फोन एका बाईंना लागला. पुण्याच्या होत्या, आवाजावरून माझ्याच वयाच्या.

"रेट्स? आत्ता? अहो, माझे कामाचे अवर्स शून्यावर आलेत आणि तुम्ही रेट्स वाढवायला फोन करताय? लाज नाही वाटत?"

दुसऱ्याने सांगितलं, आधी बागेतल्या झोपाळ्यांना बांधलेल्या पट्ट्या सोडा, मग पूल बांधा. तिसऱ्याने ऐकून न घेताच ठेवला. चौथ्याने मला शिवी दिली, आणि मी कॉफीचा मग हातात धरून किचनमध्ये तशीच उभी राहिले. पलीकडच्या खोलीत माझी मुलगी ईरा तिच्या ऑनलाइन शाळेत कुठल्याशा नदीचं नाव सांगत होती.

शिरीषला मी सांगितलं, "हे नाही व्हायचं. लोक नाहीच म्हणतात."

"नाही म्हणणारा माणूस म्हणजे ज्याला अजून कोणी नीट विचारलेलं नाही असा माणूस," तो म्हणाला. "तू चुकीचं विचारतेस. पैसे देणार का म्हटलं की माणूस खिसा धरतो. पैशाचं विचारायचंच नाही. दुखतं कुठे ते विचारायचं."

"पण फॉर्मवर प्रश्न रेट्सचाच आहे."

"तो अगदी शेवटी. तोपर्यंत माणूस आपला झालेला असतो."

आणि त्याने मला करून दाखवलं. ज्याने शिवी दिली होती त्या गुरमीत नावाच्या ट्रकवाल्याला त्याने पुन्हा फोन लावला. मी त्याच लाइनवर, म्यूट करून.

"भाईसाब, रेट-वेट की बात मत करो मेरे से," गुरमीत ओरडला.

"नहीं करेंगे जी," शिरीष म्हणाला. "आप कमर पकड़ के बैठे हैं क्या? उठते हुए आवाज़ आई थोड़ी."

पलीकडचा ओरडा उतरला. मग, "आपको कैसे पता?"

त्यानंतर गुरमीत बोलतच राहिला. पाठीतला मणका, ट्रकमधली बारा-बारा तासांची बैठक, बंद पडलेली फिजिओ, पंजाबात अडकलेली आई. शिरीष मधूनच नुसतं "हं जी" म्हणे. शेवटी गरम पाण्यात पाठीला आराम पडतो हा विषय गुरमीतनेच काढला. "लिख दो हाँ," तो म्हणाला, "और आप फोन करते रहना, अच्छा लगा." माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाटलं, हा माणूस देवमाणूस आहे.

फोन बंद झाला. मी अनम्यूट करून काही बोलणार, तेवढ्यात शिरीष म्हणाला, "सपोर्ट. पुढचा."

तो आवाज मी आधी ऐकलेला नव्हता. सपाट. दुकानाचं शटर ओढून घेतल्यासारखा. त्याच क्षणी काही मला तो नावडू लागला असं म्हणणार नाही. उलट मी स्वतःला समजावलं, इतके फोन करायचे म्हणजे माणूस दमणारच. पण तो आवाज कानात राहिला.

एकदा एका आजोबांना मी फोन केला. मुलाकडे आलेले, सांगलीकडचे, कमी ऐकू येणारे. "आजोबा, आपल्याकडे पूल बांधायचा म्हणतायत," मी म्हटलं.

"बांधा की!" आजोबा खूश. "ओढ्यावर पूल पाहिजेच. पावसात पलीकडे जायचं कसं?"

मी हसत हसत हे शिरीषला सांगितलं आणि म्हटलं, यांना पुन्हा नीट समजावते.

"कशाला? हो म्हणाले ना?"

"ते ओढ्यावरच्या पुलाला हो म्हणाले."

"हो म्हणजे हो. लिही."

मी लिहिलं नाही. आजोबांना परत फोन करून पोहायचा पूल म्हटलं तर ते म्हणाले, "मग नको बाबा. बुडेल कोणीतरी." मी फॉर्मवर 'नाही' असं लिहिलं. शिरीषने वाद घातला नाही. फक्त डोकं कलतं करून म्हणाला, "अनघा, तुला कोणी काही चुकीचं केलं की फार त्रास होतो ना? लहानपणापासून?" आणि मी, वेडी, त्याला माझ्या शाळेतली एक हकिकत सांगायला लागले.

त्याची चांगली बाजू लपवत नाही. कोणाला करोना झाला की पहिली किराण्याची पिशवी शिरीषची. दारात ठेवून रस्त्यापलीकडे उभा राहायचा आणि हात हलवायचा. ईराच्या वाढदिवसाला कोणीच येऊ शकत नव्हतं, तेव्हाही तो दाराशी कपकेक ठेवून गेला आणि पलीकडच्या फूटपाथवरून मोठ्याने गाणं म्हणाला. ईरा खिडकीत उड्या मारत होती. "ही इज सो नाइस, आई," ती म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात केलीबरोबर आमची झूम मीटिंग होती. तोवर केलीला नुसत्या हो-नाहीपेक्षा लोकांच्या गोष्टी हव्या होत्या. आकडे कौन्सिलर विसरतात, गोष्टी विसरत नाहीत, असं तिचं म्हणणं. शिरीषने गोष्ट सांगितली. एका लहान मुलीची. लॉकडाऊनमध्ये तिचा वाढदिवस होता. खिडकीत उभी राहून ती आईला म्हणाली, "मम, मी उड्या मारायला विसरून तर जाणार नाही ना?"

"ओह, शिरीष," केली छातीवर हात ठेवून म्हणाली. "दॅट्स गोल्ड."

ईरा माझ्या मागे सोफ्यावर होती. "आई," ती हळूच म्हणाली, "आय नेव्हर सेड दॅट."

मीटिंगनंतर मी त्याला विचारलं. तो जराही गडबडला नाही. "थोडं पॉलिश केलं गं. म्हणाली असती की नाही तशी?"

"पण म्हणाली नाही ना."

"तू बिझनेस ॲनालिस्टच राहणार," तो प्रेमाने म्हणाला. तो सगळं प्रेमानेच म्हणायचा.

आता फ्रान्सिस अंकल आणि ॲग्नेस आंटी. हे दोघे आमच्यापासून दोन घरं सोडून, ओढ्याकाठच्या रस्त्यावर राहायचे. वसईचे. अंकल पोस्टातून रिटायर झालेले, आंटी बँकेत होत्या. मुलाने दोघांना इकडे आणलं होतं. तो एका वेअरहाऊसमध्ये सुपरवायझर, शिफ्टला जायचा. आंटींना पार्किन्सन होता. लॉकडाऊनच्या आधी अंकल त्यांना गाडीत घालून लांबच्या एका पुलावर न्यायचे. गरम पाण्यात आंटींचे पाय सुटे व्हायचे. "पाण्यात मी वीस वर्षांची असते," आंटी म्हणायच्या. "बाहेर आले की परत सत्तर." तो पूल बंद झाला आणि आंटी आखडत गेल्या. खुर्चीतून उठताना, बेडवरून उठताना, बाथरूममध्ये, प्रत्येक वेळी अंकलांना हाक. फ्रान्सिस. फ्रान्सिस. आमच्या बॅकयार्डमध्ये उभं राहिलं तरी ऐकू यायची.

त्यांना फोन शिरीषनेच केला होता. त्यांचं नाव त्याच्या वाट्याला आलं होतं. पुढे तो त्यांना वरचेवर फोन करत होता हे मला माहीत होतं, कारण अंकल मला कुंपणाशी सांगायचे, "तो तुमचा शिरीष, काय गुणी मुलगा! आंटीची चौकशी सगळेच करतात. तो मला विचारतो, अंकल, तुमच्याकडे कोण बघतं?" हे सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा.

मग कौन्सिलची ती मीटिंग आली. ऑनलाइनच. आमच्या सर्व्हेत होकार जास्त आला होता, पण काही कौन्सिलर ठाम विरोधात होते: लोकांच्या नोकऱ्या गेल्यात, अशा काळात रेट्स वाढवणं क्रूर आहे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. रहिवाशांच्या बाजूने शिरीष बोलणार होता. त्याने आम्हा सगळ्यांना लिंक पाठवली आणि बजावलं, कॅमेरे चालू ठेवा, चेहरे दिसले पाहिजेत.

चेहरे दिसत होते. गुरमीत होता. आणि एका चौकोनात अंकल आणि आंटी, शेजारी शेजारी. मुलाने शिफ्टला जाण्याआधी लॅपटॉप लावून दिला होता. आंटींनी गुलाबी कार्डिगन घातलं होतं. अंकलांनी टाय लावला होता.

शिरीष इंग्रजीत बोलला. सुरुवातीला सेंटरबद्दल, इस्टेटींबद्दल, हो म्हणणाऱ्यांबद्दल. मग थांबला. डोकं कललं.

"माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत," तो म्हणाला. "मुंबईजवळच्या वसई नावाच्या गावचे. इथे ओढ्याकाठी राहतात. त्यांच्या पत्नीला पार्किन्सन आहे. एका सकाळी त्या बाथरूममध्ये पडल्या. त्यांनी नवऱ्याला हाक मारली. नवऱ्याने ती ऐकली. आणि ते गॅरेजमध्ये गेले, गाडीत बसले आणि काचा वर केल्या. त्या हाका मारत राहिल्या. हे हलले नाहीत. मला फोनवर रडत रडत म्हणाले, शिरीष, मला वाटलं हिचा आवाज थांबू दे. कायमचा थांबू दे."

कोणीतरी म्यूट करायला विसरलं होतं, त्याचा श्वास ऐकू आला.

"कौन्सिलर्स, हा वाईट माणूस नाही," शिरीष म्हणाला. "हा दमलेला माणूस आहे. त्याला आठवड्यातून दोन तास गरम पाणी द्या. एवढंच मागतोय."

मी त्या चौकोनाकडे बघत होते. आंटी स्क्रीनकडे बघत नव्हत्या. त्या मान वळवून, त्यांना जमेल तितक्या हळूहळू वळवून, अंकलांकडे बघत होत्या. अंकल सरळ समोर. टायच्या गाठीवर एक हात. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अंकल, कॅमेरा बंद करा. पण तो कसा बंद करतात हे त्यांना माहीत नव्हतं, आणि सांगायला मुलगा घरी नव्हता. मी त्यांच्या फोनवर रिंग दिली. चौकोनात दोघांच्या मागे टेबलावर फोन उजळला आणि कोणी उचलला नाही. मीटिंग संपेपर्यंत ते दोघे तसेच सगळ्यांना दिसत राहिले.

एका कौन्सिलरने चष्मा काढून डोळे पुसले. ठराव पास झाला. चौकोनाचौकोनांत टाळ्यांचे पिवळे हात उडत होते.

मीटिंग संपताच मी शिरीषला फोन केला.

"ते दोघे मीटिंगमध्ये होते, तुला माहीत होतं?"

"मीच तर लिंक पाठवली. का?"

"का? शिरीष, तू त्यांची गोष्ट सांगितलीस!"

"नाव घेतलं का मी?"

"ओढ्याकाठी वसईचं दुसरं घर कुठलं आहे?"

"अनघा, ऐक. तो चष्मेवाला कौन्सिलर आपल्या विरोधात होता. बघितलंस ना तू त्याच्याकडे? पूल त्या दोघांसाठीच होतोय. उद्या आंटी पाण्यात उतरतील तेव्हा तूच म्हणशील."

"आंटींना ते माहीत नव्हतं."

तो गप्प झाला. मला वाटलं, आता तरी लागलं याला.

"नव्हतं?" तो म्हणाला. मग त्याच मऊ आवाजात, "मग? काय म्हणाल्या त्या?"

त्याला वाईट वाटलं नव्हतं असं नाही. पण त्या प्रश्नात जे होतं ते कुतूहल होतं. पुढे काय झालं ते त्याला हवं होतं. मी फोन ठेवला. आयुष्यात मी फार कमी लोकांचा फोन असा ठेवलाय.

दोन-तीन दिवसांनी तो त्यांच्या दारात आला. मी त्यांच्या ड्राइव्हवेत त्यांचा कचऱ्याचा बिन आत घेत होते. मास्क लावलेला, हातात केकचा बॉक्स, पायरीपासून मागे उभा. अंकलांनी दार उघडलं. ते एकदम लहान दिसत होते.

"अंकल," शिरीष म्हणाला, "मला फार वाईट वाटलं. झोप लागते का तुम्हाला? बोला माझ्याशी. मन मोकळं करा."

आणि माझा जीव जळला, कारण अंकलांनी तोंड उघडलं. दुसरं होतं कोण त्यांना विचारणारं?

तेवढ्यात आतून आंटींची हाक आली. "फ्रान्सिस."

एकच, तीही क्षीण. पण अंकल पाठ फिरवून धावले. दार उघडंच. सत्तरी ओलांडलेला माणूस, सपाता सटकतायत आणि धावतोय. शिरीष बॉक्स पायरीवर ठेवून गेला. जाताना त्याने मला हात केला. मी केला नाही.

केक तिथेच राहिला. संध्याकाळी मुंग्या लागल्या, मुलाने उचलून बिनमध्ये टाकला.

आंटी त्या प्रसंगाबद्दल माझ्याशी एकदाच बोलल्या. ऊन पडलं होतं, त्या पोर्चमध्ये खुर्चीवर होत्या आणि मी कुंपणाबाहेर. पुलाव आणला होता, तो मध्ये ठेवला होता.

"त्या दिवशी तो म्हणाला, मी गाडी धूत होतो, पाण्याच्या आवाजात ऐकू आलं नाही," आंटी म्हणाल्या. "मी म्हटलं असेल. मला ते पुरलं होतं, अनघा. त्याच्या मनात काय आलं ते देवबापाला माहीत होतं, त्याला माहीत होतं. मला कशाला सांगायचं? माझ्याही मनात काय काय येतं. मी त्याला सांगते का?"

मी पुलावावरचं झाकण नीट लावलं.

"आता तो पहिल्या हाकेला धावत येतो. झोपेतून उठून धावतो. पाणी मागायची चोरी झाली." त्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावर थरथरत होता. "आधी मी तीन हाका मारायचे, तो तिसऱ्या हाकेला कुरकुरत यायचा. ते बरं होतं गं. ते घरातलं होतं."

पुढे राज्यांच्या सीमा उघडल्या तसे ते दोघे दुसऱ्या राज्यात, टूवूंबाला, मुलीकडे गेले. मुलगी तिथल्या हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. नाताळला माझा फोन असतो. आंटी आता फारसं बोलत नाहीत, अंकल बोलतात, हवेबद्दल, पिकांबद्दल, तिथे बसेस नाहीत आणि गाडी चालवायचं वय राहिलं नाही याबद्दल. आमच्या पुलाचं मी काढत नाही. तेही विचारत नाहीत. पूल चांगला झालाय. गुरमीतची पाठ सुधारली. ईराला आता मी पाण्याबाहेर काढू शकत नाही. वाढलेले रेट्स भरताना लोक कुरकुरतात आणि रविवारी पार्किंग मिळत नाही.

शिरीषने नंतर शहराच्या उत्तरेकडे घर घेतलं. तिथे कुठल्याशा लायब्ररीसाठी लोकांचा कल बघतोय असं ऐकलं. मी त्याला शेवटचं पाहिलं ते एकवीसच्या जूनमध्ये. एक लॉकडाऊन संपून दुसरा यायचा होता. महिन्याभरापूर्वी माझे बाबा पुण्यात करोनाने गेले होते. दुसरी लाट. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये खाट मिळाली होती. मला जाता आलं नाही. इथून निघायचीच परवानगी नव्हती, आणि निघाले असते तर परत येता आलं नसतं. भाऊ मला व्हिडिओ कॉल लावून देणार होता. मी ऑफिसच्या कॉलवर होते. मी म्हटलं, अर्ध्या तासात करते. अर्ध्या तासाने त्याने उचलला तेव्हा तो बोलत नव्हता, नुसता उभा होता.

मी ओढ्याच्या काठाने चालत होते. समोरून शिरीष आला. मास्क, लोकरीची टोपी. मला बघून थांबला, योग्य अंतर ठेवून. खांदे पुढे आले.

"बाबांचं कळलं गं," तो म्हणाला. "मला फोन करावासा वाटत होता. पण तू रागावलेली आहेस."

मी मान हलवली.

"जाता नाही आलं ना तुला." त्याचं डोकं कललं. आवाज तोच, मऊ. महिनाभर सगळ्यांनी मला काळजी घे सांगितलं होतं, ऑफिसने फुलं पाठवली होती, निखिल रोज रात्री पाठीवरून हात फिरवत होता. पण नेमकं हे कोणीच विचारलं नव्हतं. शिरीषने विचारलं.

"शेवटचं बोलणं झालं होतं का गं बाबांशी?"

सगळं तोंडाशी आलं. अर्धा तास, ऑफिसचा कॉल, भाऊ. एक शब्द सुटला असता तर सगळंच सुटलं असतं. ओढ्याकाठी कोणी नव्हतं, आणि हा थांबला असता, हवा तेवढा वेळ थांबला असता.

"हो," मी म्हटलं. "झालं होतं. छान झालं होतं."

"अच्छा," तो म्हणाला. "बरं झालं."

त्याची निराशा झाली असं मला वाटलं. मास्क होता, खात्रीने सांगता येत नाही. मग त्याने हात केला आणि माझ्या बाजूने पुढे गेला, आणि मी घरी येईपर्यंत रडले नाही.